परभूमीतील घर : तिबेटी निर्वासित आणि आपण

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सवाच्या वर्षात आपल्या शाळेविषयी, तिच्या संस्थापकांविषयी आणि शिक्षकांविषयी पुष्कळ बोलले गेले. ते उचितच आहे. आज मात्र मी एका दुसऱ्या समाजाविषयी बोलणार आहे. आपल्याच राज्यात, आपल्यापासून अर्ध्या दिवसाच्या प्रवासाच्या अंतरावर हा समाज गेली सहा दशके राहतो आहे. त्याची मुलेही आपल्या मुलांसारखीच घरात एक भाषा, रस्त्यावर दुसरी आणि परीक्षेत तिसरी वापरतात. हा समाज म्हणजे तिबेटी निर्वासितांचा.

मैसूरच्या पश्चिमेस सुमारे ८० किलोमीटरवर, कुशालनगरजवळ बैलकुप्पे नावाचे गाव आहे. आपल्यापैकी अनेक जण कोडगूला जाताना तेथे थांबले असतील. सुवर्णमंदिर म्हणून प्रसिद्ध असलेल्या नामद्रोलिंग मठातील भव्य मूर्तींसमोर छायाचित्रे काढली असतील आणि पुढच्या प्रवासाला लागले असतील. त्या मूर्तींपर्यंत पोहोचण्यासाठी त्या माणसांना केवढे चालावे लागले, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही.

तो इतिहास थोडक्यात सांगते. १० मार्च १९५९ रोजी ल्हासा नगरात चिनी सत्तेविरुद्ध उठाव झाला. त्यानंतर एका आठवड्यात, १७ मार्चच्या रात्री दलाई लामांनी ल्हासा सोडले आणि ३१ मार्चला तवांगच्या बाजूने त्यांनी भारतभूमीवर पाऊल ठेवले. त्यांच्यामागोमाग सुमारे ८०,००० तिबेटी स्त्री-पुरुष हिमालय ओलांडून आले. त्यांच्यासाठी आसामात मिसामारी येथे आणि बंगालमध्ये बक्सा येथे छावण्या उघडण्यात आल्या. आचार्य कृपलानींच्या अध्यक्षतेखाली साहाय्य समिती स्थापन झाली. देशाची फाळणी होऊन तेव्हा अवघी बारा वर्षे लोटली होती. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी बांधवांचे उल्हासनगर उभे राहिलेले महाराष्ट्राने नुकतेच पाहिले होते. भारत तेव्हा गरीब होता, तरीही त्याने दार उघडले, हे आपण अभिमानाने सांगितले पाहिजे.

पण दार उघडल्याने हाल संपत नाहीत. चौदा हजार फुटांवरच्या कोरड्या, थंड पठारावरची ही माणसे आसामच्या दमट उन्हाळ्यात येऊन पडली. अंगावर लोकरीची जाड वस्त्रे, पोटाला अपरिचित अन्न, उकळल्याशिवाय पिता न येणारे पाणी. क्षय आणि पोटाचे विकार यांनी अनेकांचा बळी घेतला. जे धडधाकट होते त्यांना हिमाचल आणि अन्य डोंगराळ भागांत रस्ते बांधण्याच्या कामावर पाठवण्यात आले. आईबाप खडी फोडत आणि मुले रस्त्याच्या कडेला तंबूत राहत. त्या मुलांचे काय, या चिंतेतूनच मे १९६० मध्ये धर्मशाळा येथे बालगृह सुरू झाले आणि त्यातून पुढे तिबेटी बालग्राम ही मोठी शिक्षणसंस्था उभी राहिली. त्याआधी, मार्च १९६० मध्ये, मसुरीला पहिली तिबेटी शाळा सुरू झाली होती. हातात पैसा नाही, राहायला घर नाही, परत जाण्याची शाश्वती नाही, अशा अवस्थेत या समाजाने सर्वांत आधी जी कामे हाती घेतली त्यांत शाळा होती. एक शिक्षिका म्हणून ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पंतप्रधान नेहरूंनी या निर्वासितांना जमिनी देण्याविषयी राज्यांना आवाहन केले. तेव्हाच्या म्हैसूर राज्याने उदारपणे प्रतिसाद दिला आणि १९६० च्या अखेरीस बैलकुप्पेला पहिली तुकडी आली. सुमारे तीन हजार एकर जमीन मिळाली, पण ते जंगल होते. झाडे तोडायची, मुळे उपटायची, रात्री रानटी हत्तींना पळवून लावायचे आणि सकाळी पुन्हा कुऱ्हाड उचलायची, असा तो काळ होता. पशुपालन आणि जवाची शेती जाणणाऱ्या या लोकांनी येथे मका पिकवायला शिकून घेतले. १९६६ मध्ये उत्तर कन्नड जिल्ह्यात मुंडगोड येथे दुसरी मोठी वसाहत झाली. पुढे हुणसूर आणि कोळ्ळेगाळ परिसरात वसाहती झाल्या. आपल्या बंगळुरूत १९६८ साली स्थापन झालेली ‘मायराडा’ ही संस्था मुळात याच पुनर्वसनाच्या कामासाठी जन्माला आली आणि पुढे तिने कर्नाटकातील खेड्यापाड्यांत बचत गटांचे मोठे कार्य उभे केले. निर्वासितांना केलेली मदत अशी आपल्याच शेजाऱ्यांच्या उपयोगी पडली.

महाराष्ट्रही यात मागे नव्हता. आजच्या गोंदिया जिल्ह्यात, नवेगाव बांधच्या जंगलाजवळ, गोठणगाव येथे १९७२ साली नोरग्येलिंग ही तिबेटी वसाहत स्थापन झाली. विदर्भाच्या उन्हाळ्यात, धानाच्या बांध्यांमध्ये तिबेटी प्रार्थनाध्वज फडकतात, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? हिवाळ्यात महाराष्ट्राच्या शहरांतून तिबेटी बाजार भरतात. तेथील स्वेटर बहुधा लुधियानाहून आणलेले असतात आणि ते विकणारी माणसे शेतीचा हंगाम आटोपून घरापासून तीन-चार महिने दूर राहिलेली असतात. कोरडवाहू एकरभर जमिनीत कुटुंबाचे भागत नाही, म्हणून हा दुसरा व्यवसाय. पन्नास रुपयांसाठी घासाघीस करताना एवढे आपल्या ध्यानात असावे.

आता त्या अडचणींविषयी, ज्या डोळ्यांना दिसत नाहीत. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची स्वाक्षरी नाही. त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने तिबेटी माणूस हा येथे नोंदणी केलेला परदेशी ठरतो. त्याच्याजवळ नोंदणीचा दाखला असतो आणि त्याचे मुदतीनुसार नूतनीकरण करावे लागते. परदेशी जायचे तर पारपत्राऐवजी एक पिवळे ओळखपुस्तक असते आणि ते पाहून अनेक विमानतळांवरील अधिकारी गोंधळात पडतात. वसाहतीची जमीन मालकीची नसते. २०१४ साली केंद्र सरकारने तिबेटी पुनर्वसन धोरण जाहीर केले. त्यात वीस वर्षांच्या भाडेपट्ट्याची तरतूद केली आणि राज्यांनी कल्याणकारी योजनांचा लाभ द्यावा असे सुचवले. हे पाऊल स्वागतार्हच होते. पण भाडेपट्ट्याच्या भूमीवर आंब्याचे झाड लावताना मनात काय येत असेल, याचा विचार आपण स्वतःचे घर असणाऱ्यांनी करून पाहावा.

नागरिकत्वाचा प्रश्न याहून अवघड आहे. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच भारतीय ठरते. हा नियम तिबेटी व्यक्तींनाही लागू आहे, असे दिल्ली आणि कर्नाटक उच्च न्यायालयांनी स्पष्ट केले आहे. तरीही पुष्कळांनी हा हक्क मागितला नाही. नागरिक झालो तर परत जाण्याचा आपला दावा दुबळा होईल, असे काहींना वाटते. वसाहतीतील आधार सुटेल, अशी काहींना धास्ती असते. आणि त्याच घरातील १९८७ नंतर जन्मलेल्या धाकट्या भावंडाला तो हक्क जन्मतः नाहीच. एका छताखाली, एका ताटात जेवणारी दोन भावंडे कायद्यापुढे दोन निराळ्या देशांची होतात.

काही वर्षांपूर्वी नववीच्या सहलीत आम्ही बैलकुप्पेला गेलो होतो. मठाबाहेर माळ जपत बसलेल्या एका आजींना आमच्या मुलींनी कन्नडमधून विचारले, “अज्जी, तुमचे गाव कोणते?” आजींनी तितक्याच सहज कन्नडमध्ये गावाचे नाव सांगितले. तेथे त्यांची बहीण आहे, असेही सांगितले. पूर्वी तिचा दूरध्वनी येत असे. पुढे तिनेच कळवले, “आता करू नकोस, आम्हाला येथे त्रास होतो.” बहीण जिवंत आहे की नाही, हे आजींना ठाऊक नव्हते. आमच्या मुली गप्प झाल्या. मग आजींनीच पिशवीतून खाऊ काढून त्यांच्या हातांवर ठेवला.

त्याच दिवशी दुसरी एक गोष्ट घडली. एका दुकानात लटकवलेला तिबेटी वर्णमालेचा तक्ता आमच्या मुलांनी दुकानदाराकडून वाचून घेतला : क, ख, ग, ङ. मुलांना आनंद आवरेना. ही तर आपलीच बाराखडी! आणि ते खरेच आहे. सातव्या शतकात थोन्मी संभोट यांनी भारतीय लिपीच्या आधारे तिबेटी लिपी घडवली, असे तिबेटी परंपरा मानते. नालंदेच्या परंपरेतील अनेक संस्कृत ग्रंथ आपल्या भूमीवरून नाहीसे झाले, पण तिबेटी भाषांतरात टिकले. आपण ज्यांना आश्रय दिला, त्यांनी आपली ठेव शेकडो वर्षे सांभाळली होती.

पालकहो, येथे मी आपल्या शाळेकडे वळते. या प्रदेशाशी मराठी माणसाचा संबंध शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळापासूनचा आहे. आपण निर्वासित नाही. मनात आले तर रात्रीच्या गाडीत बसून आपण कोल्हापूर-सांगलीला सकाळी उतरू शकतो. आपल्या दुःखाची त्यांच्या दुःखाशी तुलना करणे हे त्यांच्यावर अन्याय करणारे होईल. पण एक प्रश्न दोघांनाही समान आहे : परप्रांतात वाढणाऱ्या मुलांच्या मुखी आपली भाषा कशी राहील?

त्यांनी या प्रश्नाचे उत्तर शोधताना खूप प्रयोग केले. १९६१ पासून केंद्र सरकारच्या साहाय्याने त्यांच्यासाठी स्वतंत्र शाळा चालल्या. आरंभी तेथे इंग्रजीचे प्राबल्य होते. पुढे त्यांच्याच शिक्षकांच्या ध्यानात आले की मुले विज्ञान इंग्रजीतून पाठ करतात, पण त्यांना ते समजत नाही आणि तिबेटीतून सांगताही येत नाही. मग त्यांनी प्राथमिक इयत्तांसाठी तिबेटीत पाठ्यपुस्तके सिद्ध केली आणि २००४ च्या आपल्या शिक्षण धोरणात मातृभाषेतील शिक्षणाला अग्रस्थान दिले. राष्ट्र नसलेल्या समाजाने हे केले.

आज तेथील शाळांतही पट घसरतो आहे. २००९ च्या तिबेटी जनगणनेत भारतात सुमारे ९४,००० तिबेटी होते. त्यानंतर तरुण पिढी युरोप-अमेरिकेकडे जात राहिली आणि २००८ पासून सीमेवरील बंदोबस्त कडक झाल्याने तिबेटमधून येणारे जवळजवळ थांबले. शिकलेली मुले दूर जातात आणि वसाहतीत आजी-आजोबा उरतात. आपल्याही पहिलीच्या वर्गाचा पट आपण सारे पाहत आहोत. त्याची कारणे मला समजतात आणि कोणत्याही पालकाला मी दोष देत नाही. एवढेच म्हणते की, शाळा बदलली तरी घरातील मराठी बदलू नका. जेवताना मराठी बोला, आजीचे पत्र नातवाकडून वाचून घ्या.

आणि माजी विद्यार्थ्यांकडे एक मागणे आहे. साने गुरुजींनी ‘आंतरभारती’चे स्वप्न पाहिले होते. आपल्या सहलीत यापुढे आपण केवळ मठ पाहून परत न येता वसाहतीतील एखाद्या शाळेत दिवसभर राहू, आपली मुले त्यांच्या मुलांबरोबर खेळतील, एकमेकांची अक्षरे लिहून पाहतील आणि पुढच्या वर्षी त्या मुलांना आपण होसकोट्याला बोलावू. या उपक्रमासाठी महोत्सवाच्या निधीतील काही भाग राखून ठेवावा, असा प्रस्ताव मी संस्थेपुढे मांडला आहे. त्याला आपले बळ मिळावे.

कन्नडमध्ये होसकोटे म्हणजे नवा कोट. कोटाला भिंती असतात, तसे दरवाजेही असतात. आपल्या शाळेचा दरवाजा त्या मुलांसाठी उघडा राहो, एवढी इच्छा व्यक्त करते आणि आपली रजा घेते.