गाणाऱ्याचा कान

मैफलींत गवई गावयास बसला म्हणजे त्याच्या पाठीशीं डावीउजवीकडे दोन तंबोरे लागतात. तंबोऱ्यांनीं बैठकीला शोभा येते खरी. पण त्यांची ती जागा शोभेसाठीं ठरलेली नाहीं. षड्ज अखंड कानाशीं राहावा आणि त्याला लावून गवयानें आपला स्वर पारखावा, ही त्यांतली सोय. गळा कानाच्या आज्ञेंत चालतो. कान चुकला कीं गळा चुकला.

गिटार, ड्रम आणि गायक अशा चारपांच जणांच्या बॅंडलाहि हीच गरज असते. लहानसा संगीतमहोत्सव भरतो, एकामागून एक बॅंड मंचावर येतात, आणि गायकाच्या पायाशीं, त्याच्याकडे तोंड करून तिरकी ठेवलेली एक पेटी श्रोत्यांस दिसते. हाच ‘मॉनिटर’. ही पेटी श्रोत्यांसाठीं नसतेच; ती गाणाऱ्याचा तंबोरा होय.

समोरचे मोठे लाऊडस्पीकर एवढे गर्जत असतां या पेटीचें प्रयोजन काय, असा प्रश्न, श्रोतेहो, साहजिक आहे. परंतु त्या लाऊडस्पीकरांचें तोंड श्रोत्यांकडे असतें. मागें मंचावर येतो तो बहुतेक खर्जाचा घुमारा. शब्द स्पष्ट करणारे उंच पट्टीचे ध्वनि पुढेंच जातात. समोरच्या भिंतीवर आदळून जें परत येतें तें शिळें असतें. ध्वनि सेकंदाला सुमारें ३४३ मीटर जातो. भिंत २० मीटरांवर असली तर त्याला जाऊन येण्यास ०.१२ सेकंद लागतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयींत तेवढ्या वेळांत जवळजवळ पाव मात्रा निघून गेलेली असते. अशा आवाजाच्या आधारानें गाणारा लयींत मागें पडल्यावांचून राहत नाहीं.

मॉनिटर नसला म्हणजे काय होतें, याचा दाखला प्रसिद्ध आहे. १५ ऑगस्ट १९६५ रोजीं न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्यें ‘बीटल्स’ गायले, तेव्हां ५५,००० वर लोक जमले होते. गिटारींसाठीं १०० वॅटचे अॅम्प्लिफायर आणि गाण्यासाठीं मैदानावरची घोषणांची व्यवस्था, एवढीच तयारी होती. किंकाळ्यांच्या कल्लोळांत त्यांना स्वतःचेंच गाणें धड ऐकूं येत नव्हतें. पुढच्या वर्षीं, २९ ऑगस्ट १९६६ रोजीं, सॅन फ्रान्सिस्को येथें तिकिटाचा शेवटचा जलसा करून त्यांनीं दौरे थांबविले. आपलें आपल्याला ऐकूं न येणें, हें त्याच्या कारणांपैकीं एक होतें.

लहान मंचावर गर्दीचा कल्लोळ नसतो. तेथें बॅंडच आपल्या आवाजानें आपल्याला बहिरें करतो. ड्रमला वीज लागत नाहीं, तरी चारपांच फुटांवर उभ्या गायकाला तो पुरून उरतो. गिटारवाल्याचा अॅम्प्लिफायर जमिनीवर, त्याच्या पोटऱ्यांकडे तोंड करून असतो. कानीं कमी पडतें म्हणून तो आवाज वाढवितो. मग गायक मॉनिटर वाढवावयास सांगतो, आणि तो वाढला कीं ड्रमवाला अधिक जोर लावतो. गोंगाटांत माणूस नकळत आवाज चढवितो, हें लोंबार नांवाच्या फ्रेंच वैद्यानें १९११ सालीं दाखवून दिलें. मंचावरची ही चढाओढ त्याच जातीची. तिचा शेवट शिटींत होतो. मॉनिटरचा आवाज मायक्रोफोनांत शिरतो, वाढून पुन्हां मॉनिटरमधून बाहेर पडतो, पुन्हां आंत शिरतो; प्रत्येक फेरीला तो वाढूं लागला कीं कर्कश शीळ उठते.

यावर जाणता ध्वनियोजक आवाज वाढविण्याआधीं कमी करावयास लागतो. गिटारचा अॅम्प्लिफायर तो खुर्चीवर किंवा तिरका ठेवतो, म्हणजे वाजविणाऱ्याच्या कानीं तो थोडक्यांत पोंचतो. गायकाला तो मायक्रोफोनाजवळ ओढतो; अंतर निम्मे झालें कीं गळ्याचा आवाज ६ डेसिबलनें वाढून मिळतो. बहुतेक मायक्रोफोनांस बहिरी दिशा असते. मॉनिटर त्या दिशेला ठेवावा. कांहींची ती बरोबर पाठीमागें, तर कांहींची पाठीमागें पण थोडी बाजूला असते. मायक्रोफोनाची जाळी मुठींत झांकली तर ही सोय नाहींशी होते. रिकामे मायक्रोफोन बंद करावेत. सारखे उघडे मायक्रोफोन दुप्पट झाले कीं शीळ येण्याची मर्यादा सुमारें ३ डेसिबलनें अलीकडे येते. ज्याच्या पेटींत ज्याची गरज, तेवढेंच घालावें.

हा सूरलयीपुरताच प्रश्न नव्हे. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षितता व आरोग्य संस्थेची शिफारस अशी आहे, कीं ८५ डेसिबल आवाजांत दिवसाला ८ तासांहून अधिक राहूं नये, आणि दर ३ डेसिबल वाढीला ही मुदत निम्मी करावी. त्या हिशेबानें १०० डेसिबलला १५ मिनिटेंच उरतात. लहान मंचावर एका बॅंडचा कार्यक्रम त्याहून लांबतो. अंतःकर्णांतील केशपेशी एकदां नष्ट झाल्या कीं माणसांत पुन्हां उगवत नाहींत. तरुणपणीं हौसेनें गमावलेला कान म्हातारपणीं यंत्र लावूनहि पूर्ववत् होत नाहीं.

म्हणून बॅंड मंचावर आला, घाईनें तारा जोडल्या गेल्या, आणि गायकानें ‘मला माझा आवाज ऐकूं येत नाहीं’ अशी तक्रार केली, म्हणजे शहाणा ध्वनियोजक लगेच चकती फिरवीत नाहीं. तो आधीं त्याला विचारतो, “दुसऱ्या कोणाचा आवाज कमी करूं?”