विटांचा मनोरा का ढळतो?

मुलाने फरशीवर प्लास्टिकच्या विटांचा मनोरा रचावा, तो हातभर उंच व्हावा आणि पुढची वीट दाबताच सारा डोलारा कलून कोसळावा, हे पुष्कळ घरांत घडते. तळाच्या विटेला ओझे पेलले नाही, असे मुलाला वाटते. वडील माणसांचेही मत बहुधा तेच पडते. विटेवरचा हा आरोप मात्र अन्यायाचा आहे. २०१२ साली इंग्लंडातील ओपन युनिव्हर्सिटीत चार गुंड्यांची एक लेगो-वीट यंत्राखाली दाबून पाहिली, तेव्हा ती सुमारे ४३२ किलोग्रॅम भार येईपर्यंत टिकली. एवढा भार होण्यास पावणेचार लाख विटांची, साडेतीन किलोमीटर उंचीची चळत लागेल!

मनोरा चिरडत नाही, तो ढळतो. चार गुंड्यांची वीट १६ मिलिमीटर रुंद व ९.६ मिलिमीटर उंच असते. अशा पन्नास विटा एकीवर एक रचल्या की ४८ सेंटिमीटरांचा खांब होतो. त्याचा माथा अवघा १६ मिलिमीटर कलला, की गुरुत्वमध्य पायाच्या कडेवर येतो. पुढे त्याला कोण सावरणार?

शिवाय खांब वाकू लागला, की एका बाजूचे सांधे दाबले जातात आणि दुसऱ्या बाजूचे उकलू पाहतात. उकलणे रोखणारी पकड हीच या विटेची खरी करामत होय. डेन्मार्कमधील बिलुंड येथे १९४९ पासून बनणाऱ्या विटा आतून पोकळ असत व सैल बसत. गॉटफ्रेड कर्क क्रिस्टियनसेन यांनी २८ जानेवारी १९५८ रोजी ज्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला, तिच्यात त्या पोकळीत नळ्या आल्या. तेव्हापासून खालची गुंडी नळी व भिंत यांच्यामध्ये आवळली जाऊ लागली.

तरीही केवळ पकडीवर विसंबून भागत नाही. आठ गुंड्यांच्या चार विटा भोवऱ्यासारख्या फिरत्या मांडाव्यात. मध्ये चार गुंड्यांएवढी पोकळी राहून ४८ मिलिमीटरांचा चौरस होतो. वरचा थर उलट दिशेने फिरवावा, म्हणजे गवंडी करतात तशी सांधेमोड आपोआप साधते. असा पन्नास थरांचा मनोरा माथा ४८ मिलिमीटर कलेपर्यंत तोल सांभाळतो. अर्थात विटा दोनशे लागतात, आणि एवढ्या विटा घेणे प्रत्येक खिशाला परवडत नाही.

विटा थोड्या असल्यास पाया रुंद ठेवून मनोरा वर निमुळता करावा. मंगेशीच्या देवळापुढील सात मजली दीपस्तंभ पाहिलेल्यांना हे निराळे सांगावयास नको. वाकण्याचा ताण तळाशी सर्वांत अधिक असतो. म्हणून घट्ट बसणाऱ्या नव्या विटा खाली लावाव्यात, वापरून सैल झालेल्या माथ्याकडे. गादी किंवा सतरंजी टाळून कठीण, सपाट जागा निवडावी. दर दहा थरांनंतर दोऱ्याला किल्ली बांधून केलेला ओळंबा लगतच्या दोन बाजूंना धरून पाहावा, आणि नवी वीट बसवताना दुसऱ्या हाताने मनोऱ्याला आधार द्यावा.