चरकाचं वंगण

मुळा-मुठा नि भीमेच्या मधलं आमचं राहू बेट म्हणजे उसाचा, गुऱ्हाळांचा मुलूख. चरकाच्या बुशांना मी इंजिनातून काढलेलं काळं ऑइल घालायचो; फुकट मिळायचं. एकदा रसावर तवंग दिसला. टाकीभर रस फेकला. आधी किती वेळा दिसलाच नसेल, या विचारानं झोप उडाली.

जळक्या ऑइलात काजळी नि धातूचा कीस असतो, बूशही झिजतात. चरक फिरतो सावकाश, पण दाब मोठा. तिथं दाट वंगणच टिकतं. सोडा ग्रीस पाण्यानं धुऊन जातं, कॅल्शियम ग्रीस तग धरतं. रसाजवळ मात्र खाद्ययंत्रांसाठी बनवलेलंच वंगण घ्यावं. महाग पडतं, पण गूळ लेकरांच्याच तोंडी जातो ना!