विमानवाहू युद्धनौका : गरज, खर्च आणि जोखीम

शिरूर आणि दौंड या तालुक्यांना समुद्र नाही. सह्याद्रीच्या पूर्वेकडील, कमी पावसाचा हा प्रदेश. येथील शेतकऱ्याचे लक्ष आभाळाकडे, कालव्याच्या आवर्तनाकडे आणि कांद्याच्या व उसाच्या भावाकडे लागलेले असते. अशा ठिकाणी विमानवाहू युद्धनौकेविषयी बोलणे प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु शेतातील इंजिनाला लागणारे डिझेल ज्या खनिज तेलापासून बनते, त्यापैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक तेल परदेशांतून, मुख्यतः समुद्रमार्गे येते. कांदा आखाती देशांत जातो तो जहाजातून. कुरकुंभ आणि रांजणगाव येथील कारखान्यांचा परदेशांशी होणारा व्यवहारही मोठ्या प्रमाणावर बंदरांवर अवलंबून आहे. आकारमानाच्या दृष्टीने देशाचा सुमारे पंच्याण्णव टक्के परदेशी व्यापार सागरी मार्गाने चालतो. तेव्हा समुद्र दूर असला, तरी त्याचे भले-बुरे परिणाम घोड आणि भीमेच्या काठापर्यंत पोहोचतात.

शिवाय युद्धनौका उभी राहते ती करदात्याच्या पैशातून. हा पैसा कशासाठी खर्च होतो, त्यातून काय मिळते आणि मिळालेले कितपत सुरक्षित असते, हे विचारण्याचा अधिकार किनाऱ्यावरील नागरिकाइतकाच दौंडच्या नागरिकालाही आहे.

तीन एकरांचा चालता विमानतळ

विमानवाहू नौका म्हणजे समुद्रावर चालणारा विमानतळ. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे नौदलात दाखल झालेली ‘विक्रांत’ २६२ मीटर लांब आणि ६२ मीटर रुंद आहे. पूर्ण भारासह तिचे वजन सुमारे ४५ हजार टन भरते. तिच्यावरील उड्डाणाची जागा सुमारे साडेबारा हजार चौरस मीटर, म्हणजे शेतकऱ्याच्या हिशेबात तीन एकरांपेक्षा थोडी अधिक आहे. एवढ्याच जागेतून लढाऊ विमाने उडतात आणि तेथेच परत उतरतात. सुमारे तीस विमाने व हेलिकॉप्टरे आणि सोळाशेच्या आसपास अधिकारी व नौसैनिक तिच्यात सामावतात.

किनाऱ्यावरील विमानतळ हलत नाही. त्यामुळे तेथून उडणाऱ्या विमानाला दूरच्या समुद्रात फार काळ पहारा ठेवता येत नाही. विमानतळच पुढे नेला, तर ही अडचण दूर होते. ‘विक्रांत’चा कमाल वेग ताशी २८ सागरी मैल, म्हणजे सुमारे ५२ किलोमीटर आहे. शिरूर ते दौंड हे सरळ रेषेतील सुमारे पंचेचाळीस किलोमीटरचे अंतर ती तासाच्या आत तोडील. एकदा निघाल्यावर साडेसात हजार सागरी मैलांचा प्रवास करण्याची तिची क्षमता आहे.

१९७१ चा अनुभव

या नौकेचा उपयोग काय, याचे उत्तर देशाला १९७१ साली मिळाले. पहिली ‘विक्रांत’ मूळची ब्रिटिश नौदलाची ‘हर्क्युलिस’. दुसरे महायुद्ध संपल्यावर तिचे बांधकाम अर्धवट थांबले होते. भारताने ती १९५७ साली विकत घेतली, बेलफास्ट येथे पूर्ण करून घेतली आणि ४ मार्च १९६१ रोजी ती भारतीय नौदलात दाखल झाली.

१९६५ च्या युद्धाच्या वेळी ही नौका दुरुस्तीसाठी मुंबईच्या गोदीत होती. एकच विमानवाहू नौका असलेल्या देशाची अडचण त्या वेळी स्पष्ट झाली. दुरुस्ती टाळता येत नाही आणि युद्ध दुरुस्तीसाठी थांबत नाही.

१९७१ मध्येही परिस्थिती निर्वेध नव्हती. नौकेच्या चार बॉयलरांपैकी एकाला तडा गेला होता आणि तिच्या वेगावर मर्यादा आली होती. तरीही तिला बंगालच्या उपसागरात पाठविण्यात आले. ४ डिसेंबर रोजी तिच्यावरील सी हॉक विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाव येथे हल्ले केले. पुढे खुलना आणि मोंगला या बंदरांवरही हल्ले झाले. पूर्व पाकिस्तानातील सैन्याची समुद्राची वाट बंद झाली आणि १६ डिसेंबर रोजी त्या सैन्याने शरणागती पत्करली. हे यश एकट्या नौकेचे नव्हते. भूदल आणि वायुदल यांनी मुख्य लढाई लढली होती. तथापि, समुद्राचे दार लावून घेण्याचे काम नौदलाने केले आणि त्यात ‘विक्रांत’चा वाटा मोठा होता.

या विजयाची दुसरी बाजूही ध्यानात ठेवली पाहिजे. ‘विक्रांत’ला शोधून बुडविण्यासाठी पाकिस्तानची ‘गाझी’ ही पाणबुडी उपसागरात आली होती. नौका विशाखापट्टणमजवळच आहे, असा समज शत्रूचा व्हावा अशी योजना भारतीय नौदलाने केली. प्रत्यक्षात ती अंदमानच्या बाजूला होती. ३ व ४ डिसेंबरच्या दरम्यानच्या रात्री ‘गाझी’ विशाखापट्टणमच्या समुद्रात बुडाली. मात्र पाच दिवसांनी, ९ डिसेंबर रोजी, अरबी समुद्रात दीवजवळ ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीने भारताची ‘खुकरी’ बुडविली आणि १९४ अधिकारी व नौसैनिक प्राणास मुकले. मोठी नौका वाचली ती केवळ जाड पोलादामुळे नव्हे, तर ती कोठे आहे हे शत्रूला कळले नाही म्हणून.

खर्चाचा हिशेब

नव्या ‘विक्रांत’च्या उभारणीला सुमारे २० हजार कोटी रुपये लागले. देशाची लोकसंख्या १४० कोटी धरल्यास हा खर्च माणशी सुमारे १४३ रुपये होतो. २००९ साली कोची येथे पायाभरणी झाल्यापासून नौका दाखल होईपर्यंत तेरा वर्षे गेली, हे लक्षात घेता रक्कम अवाजवी वाटत नाही. त्यातील बराच भाग देशातील उद्योगांकडेही आला. नौकेसाठी लागलेले सुमारे तीस हजार टन विशेष पोलाद देशातच तयार झाले. वातानुकूलन आणि शीतकरणाची यंत्रणा पुण्याच्या किर्लोस्कर न्यूमॅटिकने पुरविली. सुकाणूची यंत्रणा, विद्युत फलक आणि जलरोधक झडपा लार्सन अँड टुब्रोच्या मुंबई व तळेगाव येथील कारखान्यांतून आल्या. नौदलाच्या यंत्र-अभियंत्यांना शिक्षण देणारी ‘आयएनएस शिवाजी’ ही संस्थाही पुणे जिल्ह्यातच, लोणावळ्याला आहे.

परंतु हिशेब येथे संपत नाही. एप्रिल २०२५ मध्ये नौदलासाठी २६ राफेल विमाने घेण्याचा करार झाला. त्याची किंमत सुमारे ६३ हजार कोटी रुपये, म्हणजे नौकेच्या तिपटीहून अधिक आहे. नौकेबरोबर संरक्षणासाठी विनाशिका लागतात. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या ‘विशाखापट्टणम’ वर्गातील चार विनाशिकांच्या प्रकल्पाचा खर्च ३५ हजार कोटींच्या घरात गेला. या विनाशिका केवळ विमानवाहू नौकेसाठी नाहीत, त्यांना इतर कामेही आहेत. तरीही त्यांच्यावाचून विमानवाहू नौका समुद्रात पाठविता येत नाही. पाणबुड्या, इंधनवाहू जहाजे, गोदी आणि दर काही वर्षांनी होणारी मोठी दुरुस्ती यांचा खर्च वेगळाच.

जुनी नौका स्वस्तात मिळते, हा समजही अनुभवाने खोटा ठरविला. रशियाकडून घेतलेल्या ‘विक्रमादित्य’चा करार २००४ साली ९७ कोटी डॉलरांच्या आसपास झाला होता. २०१३ साली नौका दाखल होईपर्यंत ही रक्कम २३० कोटी डॉलरांच्या पुढे गेली.

मोठ्या नौकेची जोखीम

मोठे जहाज हे मोठे लक्ष्यही असते. कान्होजी आंग्रे यांच्या आरमारातील गुराबा आणि गलबते युरोपीय जहाजांच्या मानाने लहान होती. पण वारा पडला की ती मोठ्या जहाजाच्या मागील बाजूने येत आणि त्याला जेरीस आणीत. आजच्या पाणबुड्या आणि क्षेपणास्त्रे हेच काम अधिक भयंकर रीतीने करतात. दुसऱ्या महायुद्धात जपानची ‘शिनानो’ ही प्रचंड विमानवाहू नौका १९४४ साली सेवेत येऊन काही दिवस होतात न होतात तोच एका अमेरिकन पाणबुडीने बुडविली. १९८२ च्या फॉकलंड युद्धात अर्जेंटिनाची ‘जनरल बेल्ग्रानो’ ही युद्धनौका ब्रिटिश पाणबुडीने बुडविली. त्यानंतर अर्जेंटिनाची विमानवाहू नौका बंदरात परत गेली आणि पुन्हा लढाईत उतरली नाही. तिच्यावर एक गोळाही पडला नव्हता. त्याच युद्धात ब्रिटनच्या ‘हर्मिस’ या विमानवाहू नौकेने मायदेशापासून सुमारे तेरा हजार किलोमीटरवर आघाडीचे काम केले. हीच ‘हर्मिस’ पुढे १९८७ साली ‘विराट’ या नावाने भारतीय नौदलात आली.

क्षेपणास्त्रांचा धोका आता वाढला आहे. पाण्याला लगटून येणारे क्षेपणास्त्र पृथ्वीच्या गोलाईमुळे जहाजावरील रडारला तीसएक किलोमीटरवर आल्यावरच दिसू शकते. त्याचा वेग आवाजाच्या वेगाइतका धरला, तरी बचावाला दीड मिनिटाच्या आसपास अवधी उरतो. म्हणून कामोव्ह हेलिकॉप्टर रडार घेऊन उंचावरून पहारा देते आणि सोबतच्या विनाशिका बराक क्षेपणास्त्रे सज्ज ठेवतात. चीनने तर दीड हजार किलोमीटरवरून जहाजावर मारा करण्याच्या उद्देशाने क्षेपणास्त्रे बनविली आहेत. तेवढ्या अंतरावरून नौकेवरील विमानेही क्षेपणास्त्राच्या तळापर्यंत सहजी पोहोचू शकत नाहीत.

तथापि, मारा करण्यापूर्वी नौका सापडावी लागते. एका ठिकाणी दिसलेली ‘विक्रांत’ दोन तासांनंतर सुमारे ३४ हजार चौरस किलोमीटरच्या वर्तुळात कोठेही असू शकेल. हे क्षेत्र पुणे जिल्ह्याच्या दुपटीहून मोठे आहे. उपग्रहांनी शोध सोपा केला असला, तरी धावत्या लक्ष्याची क्षणोक्षणीची माहिती मिळवीत राहणे अजूनही अवघड आहे. समुद्रावरील तळ हलतो, हा त्याचा सर्वांत मोठा बचाव आहे.

धरण आणि कालवे

या प्रश्नावर जाणकारांत मतभेद आहेत. २०२० साली तत्कालीन संरक्षण दलप्रमुखांनी पाणबुड्यांना अग्रक्रम देण्याचा विचार बोलून दाखविला होता; नौदलाने मात्र तिसऱ्या विमानवाहू नौकेची गरज वारंवार मांडली आहे. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपकडे जाणारी जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. महाराष्ट्रातील द्राक्षांनाही त्याची झळ लागली. त्या वेळी एडनच्या आखातातील पहाऱ्याचे काम भारतीय नौदलाच्या विनाशिकांनी आणि इतर नौकांनी केले. प्रत्येक कामाला विमानवाहू नौका लागत नाही, हा त्याचा अर्थ. परंतु दूरच्या समुद्रात शत्रूची विमाने येत असतील, तेव्हा लहान नौकांवर विमानांचे छत्र धरणारे दुसरे साधन नाही, हेही तितकेच खरे.

शिरूरला चासकमानचे आणि दौंडला खडकवासल्याचे पाणी मिळते ते कालव्यांमधून. धरणाची भिंत बांधली आणि कालवे व चाऱ्या केल्या नाहीत, तर पाणी दिसते पण पिकाला मिळत नाही. विमानवाहू नौकेचेही तसेच आहे. नौका ही भिंत. विमाने, विनाशिका, पाणबुड्या, प्रशिक्षित माणसे आणि वेळेवर होणारी दुरुस्ती हे कालवे. केवळ नौका घेऊन थांबणारा देश एक महागडे लक्ष्य विकत घेतो. सर्व साखळी उभी करणारा देश समुद्रावर आपला शब्द चालवू शकतो.

हा खर्च नौका निवृत्त झाल्यावरही संपत नाही. जुनी ‘विक्रांत’ १९९७ साली निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि देखभाल अशक्य झाल्यावर २०१४ साली मोडीत निघाली. ‘विराट’चे सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर संग्रहालय करण्यासाठी राज्य मंत्रिमंडळाने २०१८ साली सुमारे ८५२ कोटींच्या प्रकल्पाला मान्यता दिली होती, ते साधले नाही आणि २०२० साली ती नौका अलंगला मोडण्यासाठी गेली. नौका घेताना तिच्या अखेरपर्यंतचा हिशेब मांडावा लागतो, हा त्यातील धडा.

दौंडच्या पुलाखालून वाहणारी भीमा पुढे कृष्णेला मिळते आणि ते पाणी अखेर बंगालच्या उपसागरात जाते. १९७१ साली एका नादुरुस्त बॉयलरासह ‘विक्रांत’ ज्या समुद्रात उभी राहिली, तो हाच समुद्र. पुढच्या नौकेचा प्रश्न जेव्हा देशापुढे येईल, तेव्हा ती किती मोठी आहे एवढ्यावर नागरिकांनी समाधान मानू नये. तिच्यासोबत कोणत्या नौका जाणार, तिच्यावर कोणती विमाने असणार आणि ती गोदीत असेल तेव्हा तिची जागा कोण घेणार, हे तीन प्रश्न अवश्य विचारावेत.