जळालेली वही

आपल्या भाषेंत चूल ह्या लहानशा शब्दाला मोठा संसार जोडलेला आहे. भाऊ वेगळे झाले म्हणजे आपण ‘चुली वेगळ्या झाल्या’ असें म्हणतों. कोणावर हलाखीचे दिवस आले म्हणजे ‘त्याच्या घरीं चूल पेटत नाहीं’ असें म्हणतों. परंतु जो अग्नि अन्न शिजवितो तोच एखादे वेळीं सारें घर गिळून टाकतो, ह्याची आठवण आपणांस क्वचितच असते. आज मला बोलावयाचें आहे तें अशा एका विझलेल्या चुलीविषयीं आणि ती पुन्हां कशी पेटली ह्याविषयीं.

गोष्ट १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतील आहे. माझें मूळ घर इंदापूर तालुक्यांत, आणि नोकरी लागली ती बारामतीस. बारामती म्हणजे मोरोपंतांच्या वास्तव्यानें नांवारूपास आलेलें, कऱ्हेच्या कांठचें गांव. नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी आल्यापासून भोंवतालीं ऊंस झाला, आणि गुळाच्या पेठेनें गांवाला बरकत आली. अशा गांवांत एकट्या राहणाऱ्या माणसांची वस्ती पुष्कळ. त्यांना आधार खाणावळींचा.

मी ज्या खाणावळींत जेवीत असें ती एका कुटुंबाची होती. मालक बाजारहाट पाहत, त्यांची पत्नी भाकऱ्या थापी, मुलें ताटें मांडीत. तिला आम्ही सारे मावशी म्हणत असूं. पंक्तीला शिक्षक, कारकून, एस. टी. चे वाहक आणि पेठेंतील हमाल मांडीला मांडी लावून बसत. हिशेब लाल कापडी पुठ्ठ्याच्या एका वहींत असे, आणि पगार झाला म्हणजे ज्यानें त्यानें आपलें देणें चुकतें करावें असा रिवाज होता.

एका उन्हाळ्यांत दुपारीं वाऱ्यानें चुलींतली ठिणगी उडाली आणि सरपणानें पेट घेतला. माळ्याचें लाकूड जुनें व वाळलेलें. शेजाऱ्यांनीं बादल्या आणल्या, बंब आला, प्राणहानि टळली. परंतु खाणावळ राहिली नाहीं. दुसऱ्या दिवशीं आम्ही भेटावयास गेलों. ‘वाईट झालें’, ‘जिवावरचें निभावलें’ असें सर्वांनीं म्हटलें. मालक जळालेल्या फळीकडे पाहत होते. ते एवढेंच म्हणाले, “वही पण गेली.” त्यांनीं कोणाकडे मागितलें कांहींच नाहीं. आम्ही सारे एकदम गप्प झालों.

श्रोतेहो, इतक्या वर्षांनीं खरें सांगावयास हरकत नाहीं. त्या क्षणीं माझ्या मनांत जो विचार आला तो दुःखाचा नव्हता. माझें महिन्याहून अधिक दिवसांचें देणें राहिलें होतें. पगार थोडा, त्यांतून घरीं पैसे धाडावयाचे. मी किती देणें लागतों हें आतां कोणास ठाऊक, असें मनांत येऊन गेलें. पुढें दोन दिवस मी त्या गल्लीनें गेलोंच नाहीं. तिसऱ्या दिवशीं सहज म्हणून गेलों, तर राखेच्या कडेला पेठेंतला एक हमाल उकिडवा बसला होता. अंगठा उठविणारा माणूस तो. बोटांच्या पेरांवर मोजून तो मालकांना सांगत होता, “सव्वीस दिवस झालं, मालक. त्यातलं दोन दिवस मी गावाला गेलतो. चोवीस धरा.” आणि त्यानें कनवटीची नोट काढून पुढें केली.

मुलांना त्रैराशिक शिकविणारा मी! त्या माणसानें मला हिशेब शिकविला. त्याच संध्याकाळीं मी माझे पैसे नेऊन दिले. मी एकटाच असा होतों असेंही नाहीं. एक आला, त्याचें पाहून दुसरा आला, आणि चार दिवसांत लोकांच्या तोंडच्या शब्दावरून नवी वही तयार झाली. दूधवाल्यानें रतीब बंद केला नाहीं. वाण्यानें ज्वारी उधारीवर दिली. शेजारच्या एका गृहस्थानें आपलें अंगण मोकळें करून दिलें. आठव्या दिवशीं तेथें मांडवाखालीं तीन दगडांची चूल पेटली आणि आम्ही उभ्या उभ्या जेवलों. तसलें पिठलें मीं पुन्हां खाल्लें नाहीं.

तेव्हांपासून एक गोष्ट माझ्या मनाशीं पक्की झाली. आग विझल्यावर खाणावळ वांचते ती हळहळीनें नव्हे, चोख व्यवहारानें. दान दिलें असतां घेणाऱ्याची मान थोडी तरी खालीं जाते. देणें फेडलें असतां दोघांचीही मान वर राहते. शिवाय खाणावळ म्हणजे चार भिंती नव्हेत. तिच्यावर भांडीं घांसणारी बाई अवलंबून असते, भाजीवाली असते, पाणक्या असतो. आणि दुसऱ्या बाजूला, घरापासून दूर असलेलीं, तेथेंच दोन वेळ जेवणारीं माणसें असतात. एक चूल विझली कीं पांच-पंचवीस घरांवर तिची सांवली पडते.

कधीं आग चुलींतून येते, तर कधीं दुष्टांच्या हातून. पुण्याच्या कोरेगांव पार्क भागांत जर्मन बेकरी नांवाचें एका कुटुंबाचें उपाहारगृह १९८९ पासून चालत आलें होतें. १३ फेब्रुवारी २०१० ह्या शनिवारीं सायंकाळीं तेथें बाँबस्फोट झाला आणि १७ माणसें प्राणांस मुकलीं. त्यांत परदेशी पाहुणेही होते. जागेची केवळ पडझड उरली. अशा ठिकाणीं पुन्हां दार उघडावयाचें म्हणजे नुसता चुना-विटांचा प्रश्न नव्हे. तेथें येऊन बसावयास लोकांचें मन धजेल कां, हा खरा प्रश्न. जवळ जवळ तीन वर्षें गेलीं. २०१३ च्या आरंभीं त्याच जागीं तें उपाहारगृह पुन्हां सुरू झालें, आणि लोक आले. दार उघडणाऱ्यानें धैर्य दाखविलें हें खरेंच. परंतु पहिल्या दिवसांत जे आंत जाऊन चहाचा पेला घेऊन बसले, त्यांचाही त्या धैर्यांत वांटा आहे.

आमच्या इंदापूर तालुक्याला हें शहाणपण दुसऱ्या एका महाभूतानें शिकविलें आहे. भीमेवरचें उजनी धरण १९८० च्या सुमारास पुरें झालें आणि नदीकांठचीं कितीएक गांवें पाण्याखालीं गेलीं. जुन्या पळसदेवचें देऊळ अजूनही दुष्काळांत पाणी ओसरलें म्हणजे वर येतें, आणि म्हातारीं माणसें तेथें जाऊन आपल्या घराची जागा शोधतात. ज्या पाण्यानें चुली बुडविल्या, त्याच पाण्यांतल्या माशांवर पुढें भिगवणला खाणावळी उभ्या राहिल्या. आज पुणें-सोलापूर रस्त्यानें जाणारा प्रवासी तेथील मासळी खाण्यासाठीं मुद्दाम थांबतो. सारें भरून निघालें असें मी म्हणत नाहीं; बुडालेलें अंगण परत येत नाहीं. पण पोटापुरता नवा मार्ग माणसें काढूं शकतात, एवढें त्यावरून दिसतें.

मात्र, श्रोतेहो, चूल पुन्हां पेटवितांना जुनी चूक पुन्हां मांडूं नये. १६ ऑक्टोबर २०१५ रोजीं मुंबईंत कुर्ला येथें एका उपाहारगृहास आग लागून आठ जण दगावले. त्यांतले बहुतेक महाविद्यालयांत शिकणारीं मुलें होतीं. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीं लोअर परळला कमला मिलच्या आवारांतील उपाहारगृहांच्या आगींत १४ जण गेले, तेही बहुतांशीं धुरानें गुदमरून. म्हणून खाणावळ चालविणाऱ्यांस माझें हात जोडून सांगणें आहे: बाहेर पडण्यास दोन वाटा ठेवा, आणि दुसऱ्या वाटेंत पोतीं रचूं नका. गॅसच्या टाक्या जेवणाऱ्यांपासून दूर, हवेशीर जागीं असाव्या. विम्याचा हप्ता चुकवूं नका, आणि त्याचे कागद दुकानांत न ठेवतां दुसरीकडे ठेवा.

घरच्या मंडळींसाठींही दोन शब्द. टाकींतला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षां जड असतो. गळला कीं तो जमिनीलगत सांचतो. वास आला तर दिव्याचें बटणही दाबूं नका. टाकी बंद करा आणि दारें-खिडक्या उघडा. कढईंतल्या तेलानें पेट घेतला तर त्यावर पाणी कदापि ओतूं नका. खालचा विस्तव बंद करून वर झांकण ठेवा. हें मुलांना पाढ्यांसारखें पाठ करून ठेवा.

आतां हिशेब मोबाइलांत असतात. वही जळण्याचें भय उरलें नाहीं असें कोणी म्हणेल. परंतु उधारी कोणत्या यंत्रांत नोंदली आहे ह्यापेक्षां ती कोणाच्या मनांत नोंदली आहे, हें मला महत्त्वाचें वाटतें. दर आषाढींत तुकोबारायांची पालखी बारामतीहून सणसर, निमगांव केतकी, इंदापूर अशी आमच्या भागांतून जाते. त्या दिवसांत आमच्याकडे घरोघरीं वारकऱ्यांसाठीं भाकऱ्या थापल्या जातात. ओळखपाळख कोणी विचारीत नाहीं. एवढ्या जनसागराला जेवूं घालणाऱ्या मुलुखानें गांवांतली एक चूल विझूं द्यावी, हें त्याला शोभणारें नाहीं.

आपल्या ओळखीच्या एखाद्या खाणावळीवर, दुकानावर, कारखान्यावर असा प्रसंग आला, तर भेटावयास जरूर जा. पण जातांना घरींच बसून बोटांच्या पेरांवर एकदां हिशेब करा, आणि देणें असेल तें बरोबर घेऊन जा. देणें नसेल, तर तेथली चूल पेटल्यावर पहिल्या पंक्तीला जाऊन बसा, आणि जेवणाचे पैसे रोख मोजा.