गेलेला दम



आजचा विषय शर्यतीचा नाही, दमाचा आहे. काही वर्षांमागे किनाऱ्याने सहज दोन मैल धावणारे गृहस्थ आज चिवल्याच्या वाळूत शंभर पावलांवर थांबतात, कमरेवर हात ठेवतात आणि म्हणतात, "वय झाले!" निकाल देऊन ते मोकळे होतात, पुरावा कोणी तपासत नाही. तो आज तपासू.

१९६६ साली अमेरिकेत डलास येथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात निजवून ठेवले आणि त्यांची श्रमशक्ती मोजली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले. तीस वर्षांच्या वयाने जितकी हानी केली, तीहून अधिक त्या तीन आठवड्यांच्या निजण्याने केली होती! पुढे सहा महिने बेताबेताने व्यायाम दिला, तेव्हा पन्नाशीच्या या माणसांची प्राणवायू वापरण्याची शक्ती निजण्यापूर्वीच्या पातळीवर परत आली. वय निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. पण त्याच्या माथी आपण बैठकीचे पाप मारतो.

दम जातो म्हणजे काय होते? धावणे सुटले की दोन-तीन आठवड्यांतच रक्तातला द्रवभाग घटतो आणि हृदयाच्या एका ठोक्यात कमी रक्त पुढे जाते. मग स्नायूंतली प्राणवायू वापरणारी यंत्रणा मंदावते. मात्र वर्षानुवर्षांच्या मेहनतीने स्नायूंत विणलेले केशवाहिन्यांचे जाळे इतक्या लवकर मोडत नाही. विहीर बुजलेली नसते, पाणी खोल गेलेले असते.

आपल्याकडे हा खंड पावसाळ्यात पडतो. मृगापासून दसऱ्यापर्यंत घरात बसायचे आणि पाऊस उघडताच मे महिन्यातल्या वेगाने धावायचे, ही खरी चूक. हृदय लवकर सावरते, पण सांधे आणि स्नायुबंध मागे राहतात. घोटा दुखावतो आणि दुसरा खंड पडतो.

तेव्हा आठवड्यातून तीन-चार दिवस, थोडे चालणे आणि थोडे धावणे, असा आरंभ करावा. सोबत्याशी पुरे वाक्य बोलता येईल इतकाच वेग असावा. कोरड्या वाळूत धावण्यास घट्ट जमिनीच्या दीडपटीहून अधिक शक्ती लागते, म्हणून ओहोटीची ओली, घट्ट वाळू निवडावी. चैत्र-वैशाखात आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता निथळतो. हृदयाला पायांबरोबर कातडीलाही रक्त पुरवावे लागते. ऊन चढल्यावर लागलेली धाप हा दम गेल्याचा पुरावा नव्हे. पहाटे धावून पाहावे.

एक इशारा देतो. छातीत दुखत असेल, भोवळ येत असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर वाळू सोडून डॉक्टर गाठावा. भगिनींनी विशेषतः रक्तातील लोहाची तपासणी करून घ्यावी. तिथे उणीव असेल तर नुसत्या सरावाने दम वाढत नाही.

आपल्याच महाराष्ट्रातले एक उदाहरण पाहा. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याचे अविनाश साबळे सैन्यात गेले, सियाचीनला राहिले. पुढे दुखापतीने धावणे थांबले, वजन वाढले. त्यांनी ते नेटाने उतरवले आणि अडथळ्यांची तीन हजार मीटर शर्यत धरली. २०१८ साली भुवनेश्वरला त्यांनी गोपाळ सैनी यांचा ३७ वर्षे टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांना रौप्यपदक मिळाले. सुवर्ण हुकले ते सेकंदाच्या अवघ्या पाच शतांशांनी!

आपल्याला पदक नको. देवळाच्या पायऱ्या न थांबता चढता याव्यात, नातवंडामागे धावता यावे, इतके पुरे. त्यासाठी उद्याच्या ओहोटीला दहा मिनिटे काढा. पहिले दोन आठवडे स्वतःची जुन्या वेगाशी तुलना करू नका. पुढचा पावसाळा लागेल तेव्हा घरातल्या जिन्यावर का होईना, पाय हलते ठेवा.