सुरगाठ, निरगाठ आणि तुमच्या बुटाची लेस

इयरफोन लावलेत ना? मग आता जरा पायांकडे बघा. बुटाच्या लेसचे ते दोन कान कसे पडलेत? बुटावर आडवे, म्हणजे एक डावीकडे आणि एक उजवीकडे? की एक बोटांकडे, एक घोट्याकडे? उत्तर लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आजचा विषय साधी गाठ. दोरीचा वेढा घ्या, टोक त्यातून काढा, ओढा. झाली! सुईतल्या दोऱ्याच्या टोकाला हीच, फुग्याच्या तोंडाला हीच, हूडीची नाडी आत पळू नये म्हणूनही हीच. पण ताण बसला की ती अशी आवळते की नखं दुखली तरी सुटत नाही. मग आपण म्हणतो, निरगाठ बसली. म्हणून पायजम्याच्या नाडीला सुरगाठ मारायची. टोक दुमडून आत घातलेलं असतं, त्यामुळे ओढलं की सुटते. घाईच्या वेळी निरगाठ बसली तर काय होतं, ते मी सांगायला नको!

लेस म्हणजे एकावर एक दोन साध्या गाठी. दुसरीत फक्त कान काढलेले. खरी गंमत दिशेची आहे. पहिल्यांदा उजवं टोक डाव्यावरून नेलं, तर दुसऱ्यांदा डावं उजव्यावरून न्यायचं. ही झाली रीफ नॉट. स्काउटमध्ये असाल तर शिकला असाल. दोन्ही वेळा एकाच बाजूने नेलं की होते ग्रॅनी नॉट. दिसायला जवळपास तशीच, पण सरकते लवकर.

2017 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी पळणाऱ्या बुटाचं स्लो मोशनमध्ये शूटिंग केलं. पाय जमिनीवर आपटतो तो गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 7 पट जोराने. त्या दणक्याने गाठ सैल होते आणि हवेत झुलणारी टोकं ती ओढत राहतात. रीफ नॉटही कधी सुटते, पण ग्रॅनी आधी दगा देते. आणि लोकल पकडताना जिन्यावर लेस पायात आली, तर प्रकरण दातांवर जाऊ शकतं.

आता तुमचं उत्तर आठवा. कान आडवे असतील तर मस्त. बोटांकडून घोट्याकडे असतील तर ग्रॅनी. उपाय सोपा आहे. फक्त पहिल्या गाठीची दिशा उलटी करा, बाकी सवयीप्रमाणे.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. रीफ नॉट लेसला, पार्सलला, बँडेजला ठीक आहे. पण दोन दोऱ्या जोडून त्यावर माणसाचा भार टाकायचा असेल, ट्रेकला किंवा विहिरीवर, तर ही गाठ अजिबात नको. हिसका बसला की ती उलटून सुटू शकते. तिथे जाणकाराकडूनच बांधून घ्या.

चला, आज घरातल्या छोट्यांच्या लेसही तपासा, आणि कोणाकोणाची ग्रॅनी निघाली ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!